दात गेला की हाड का झिजतं, आणि इम्प्लांटसाठी ते पुन्हा कसं उभं करतात

"हाड कमी आहे, आधी बोन ग्राफ्ट करावं लागेल." इम्प्लांटची, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटेनियमच्या स्क्रूची, चौकशी करायला गेलेल्या अनेकांना हे वाक्य ऐकावं लागतं. मग सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर) एक अरुंद झालेली जागा दाखवतात, ग्राफ्ट म्हणून भरायच्या पांढऱ्या दाणेदार पुडीच्या लहानशा बाटलीचा उल्लेख होतो आणि चार-सहा महिने थांबायला सांगतात. त्या महिन्यांत तोंडात नेमकं काय घडणार, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. पूड खड्ड्यात भरायची, ती घट्ट होते आणि तिचंच हाड बनतं, अशी समजूत घेऊन माणूस घरी येतो.

ही समजूत दुरुस्त व्हावी असं मला मनापासून वाटतं. भरलेल्या पुडीचं हाड होत नाही. हाड तयार करतं ते तुमचं शरीर. सर्जनच्या हाती असतं ते त्यासाठी जागा राखणं, रक्त पोचू देणं, सगळं हलू न देणं आणि वरून हिरडीचं झाकण नीट बसवणं. एवढं कळलं की सिगारेट का सोडायला सांगतात, टाक्यांची इतकी काळजी का घ्यायची आणि हिरडीवर वेगळी शस्त्रक्रिया कशाला, हे प्रश्न फारसे अवघड राहत नाहीत.

दातापुरतंच असलेलं हाड

जबड्याच्या हाडाचा जो भाग दातांची मुळं धरून ठेवतो, तो दातांबरोबर घडतो आणि दातांच्या आधारानेच टिकतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो. त्याची जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटरच्या आसपास, पण त्यात रक्तवाहिन्या असतात आणि चावण्याचा दाब झेलणारे तंतू असतात. दात काढला की हा थर त्याच्याबरोबरच संपतो. खड्ड्याच्या आतल्या बाजूचं हाडाचं पातळ अस्तर त्याच्याच जिवावर असतं. ते निराधार होतं आणि शरीर ते शोषून घ्यायला लागतं.

खरा फटका बसतो तो ओठाकडच्या भिंतीला. वरच्या समोरच्या दातांपुढची ही भिंत बहुतेक माणसांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. म्हणजे ती जवळपास सगळी त्या अस्तराचीच बनलेली. अस्तर गेलं की भिंतही गेली. टाळूकडची भिंत जाड असल्यामुळे ती बरीचशी टिकते. म्हणून दात काढल्यावर हाड उंचीपेक्षा रुंदीत जास्त कमी होतं आणि त्या जागी ओठाच्या बाजूने खोलगटपणा येतो.

हे किती वेगाने होतं? डेन्मार्कमधल्या लार्स श्रॉप आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांच्या मोजमापांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारा महिन्यांत त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्यावर आली होती आणि त्यातली सुमारे दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. त्यामुळे दात काढायचा आहे हे ठरताना पुढे तिथे इम्प्लांट बसवायचं आहे का, हा विचारही त्याच वेळी व्हायला हवा. काढल्याबरोबर खड्ड्यात ग्राफ्ट घातला तर झीज कमी होते. पूर्ण थांबत मात्र नाही, आणि थांबते असं कुणी सांगत असेल तर ते बरोबर नाही.

इम्प्लांटला हाड लागतं त्यामागची गोष्ट १९५२ पासून सुरू होते. स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटेनियमचं उपकरण त्यांना नंतर सुटं करता येईना. हाड त्याला घट्ट चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटेनियमचे इम्प्लांट बसवले. इम्प्लांट आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा थर नसतो, हाड थेट धातूच्या पृष्ठभागाला भिडतं. पण त्यासाठी स्क्रूच्या सगळ्या बाजूंनी हाड असावं लागतं. साधारण ४ मिलिमीटर व्यासाच्या इम्प्लांटच्या ओठाकडच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर हाड उरावं, असा आज सर्वसाधारण आग्रह असतो. दोन्ही बाजूंचा हिशोब मांडला तर सात-आठ मिलिमीटर रुंदी हवी, आणि झीज झालेल्या जागी ती चार-पाचच असते.

पेशींची शर्यत

दात काढल्यावर खड्डा रक्ताने भरतो आणि त्याची गुठळी होते. पुढच्या काही दिवसांत त्या गुठळीत बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि नाजूक, लालसर ऊती तयार होतात. काही आठवड्यांत भिंतींकडून मध्याकडे घाईघाईने विणलेलं, कच्चं हाड दिसू लागतं. त्याची जागा मग पक्कं, थरांचं हाड घेतं. ते काम महिनोन्‌महिने चालतं. शरीराला हे सगळं येतंच. कुणी शिकवावं लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. जखमेत शिरायला एकाच वेळी अनेक प्रकारच्या पेशी धावतात आणि त्यांचा वेग सारखा नसतो. हिरडीच्या पृष्ठभागाच्या पेशी सर्वांत चपळ. त्यांच्याखालच्या तंतुमय ऊतींच्या पेशीही झपाट्याने वाढतात. हाड तयार करणाऱ्या पेशी सगळ्यांत मागे राहतात, कारण त्यांना आधी रक्तवाहिन्या हव्या असतात. चारही बाजूंनी भिंती शाबूत असलेल्या खड्ड्यात हाडाच्या पेशींना फार अंतर कापावं लागत नाही. पण एक भिंत पडलेली असली की हिरडीकडच्या ऊती त्या मोकळ्या बाजूने आत येतात आणि जागा बळकावतात. एकदा तिथे तंतुमय ऊती जमली की हाड त्या जागी येत नाही.

जखमेत जी पेशी आधी पोचेल तिच्यावर तिथे काय उगवणार हे ठरतं, हा विचार मेल्चर यांनी १९७६ मध्ये दाताभोवतीच्या ऊतींबद्दल मांडला. १९८२ मध्ये स्टुरे नीमन आणि सहकाऱ्यांनी एका माणसाच्या दाताभोवती हिरडीच्या आत गाळणीच्या कागदासारखा पातळ पडदा ठेवून हिरडीच्या पेशींची वाट अडवली, आणि त्यामागे दाताचा नैसर्गिक आधार नव्याने तयार झालेला आढळला. १९८८ मध्ये क्रिस्टर डालिन यांनी हीच कल्पना हाडावर तपासली. उंदरांच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली. एका बाजूच्या भोकावर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, पडदा ठेवला, दुसरं तसंच सोडलं. सहा आठवड्यांत पडद्याखालची बहुतेक भोकं हाडाने भरून आली. उघड्या बाजूला तंतुमय ऊतीच शिरली होती. त्या प्रयोगात कसलीही पूड घातलेली नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

म्हणूनच आज शस्त्रक्रियेत ग्राफ्टच्या वर जो पडदा अंथरतात, ज्याला दवाखान्यात मेम्ब्रेन म्हणतात, त्याला केवळ झाकण समजू नका. चपळ पेशींना बाहेर थोपवून हळू चालणाऱ्या पेशींना वेळ मिळवून देणं हे त्याचं काम आहे. कोलॅजन या प्रथिनाचे पडदे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत विरघळतात, काढावे लागत नाहीत. पीटीएफईचे पडदे विरघळत नाहीत, जास्त काळ अडसर टिकवतात, पण नंतर पुन्हा हिरडी उघडून काढावे लागतात. जिथे आकार टिकवणं अवघड असतं तिथे आत टायटेनियमची काडी असलेला पडदा किंवा टायटेनियमची जाळी वापरतात.

चार गोष्टी, आणि त्यातली एक सुटली तरी

होम-ले वांग आणि लक्ष्मी बोयापती यांनी २००६ मध्ये हाड परत येण्यासाठी लागणाऱ्या चार गोष्टी एकत्र मांडल्या: हिरडी ताण न येता पूर्ण मिटणं, रक्तपुरवठा, मोकळी राखलेली जागा आणि स्थैर्य. तेव्हापासून या विषयात काम करणारे बहुतेक जण याच चौकटीत विचार करतात.

यातली हिरडी मिटण्याची बाब ऐकायला सोपी वाटते, करायला सगळ्यांत कठीण. आत ग्राफ्ट घातल्यावर आकारमान वाढतं आणि आधी पुरेशी असलेली हिरडी आता तोकडी पडते. ओढून टाके घातले तर काही दिवसांत कडा फाकतात, पडदा उघडा पडतो आणि तोंडातले जंतू आत जातात. त्यासाठी हिरडीच्या आतल्या बाजूला हाडाला चिकटलेलं जे ताणलं न जाणारं आवरण असतं, त्यावर सर्जन एक हलका काप देतो आणि हिरडी सैल होऊन सहज पुढे सरकते. चांगला सर्जन टाका घालण्याआधी दोन्ही कडा एकमेकींवर नुसत्या ठेवून बघतो. त्या आपोआप तिथे राहिल्या तरच टाका घालायचा. सगळी शस्त्रक्रिया बघायला मिळाली तर मी नजर इथेच ठेवेन.

रक्तासाठी हाडाच्या कठीण बाहेरच्या थराला बारीक भोकं पाडतात, म्हणजे आतल्या मऊ भागातून रक्त आणि पेशी बाहेर येतात. स्थैर्याची बाजू बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. गुठळी थोडी थोडी हलत राहिली तर तिथे हाडाऐवजी तंतुमय ऊती होते. त्यामुळे पडदा लहान टाचण्यांनी किंवा स्क्रूंनी पक्का करतात, आणि त्यामुळेच काढता-घालता येणारी कवळी ग्राफ्टच्या जागेवर घासू देत नाहीत. रुग्णाला हा हट्ट वाटतो. पण कवळीच्या रोजच्या दाबाने महिन्यांचं काम वाया जाऊ शकतं.

मग पूड कशासाठी?

वेलीला चढायला मांडव घालतात, तसं या दाण्यांचं आहे. मांडवाची वेल होत नाही, पण त्याच्याशिवाय ती उंच जात नाही. दाणे पडद्याला खाली बसू देत नाहीत, आणि त्यांच्या सांदीसांदीतून रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी पुढे सरकतात.

दाणे कुठून येतात यावर त्यांचा स्वभाव ठरतो. रुग्णाचंच हाड सर्वांत गुणी: त्यात जिवंत पेशी असतात आणि हाड घडवायला चालना देणारी प्रथिनंही असतात. ते बहुधा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून किंवा हनुवटीतून घेतात. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, आणि हे हाड स्वतः बऱ्यापैकी झिजतं. दात्याच्या शरीरातून घेऊन प्रक्रिया केलेलं मानवी हाडही वापरतात. प्राण्यांच्या हाडातून, मुख्यतः गुरांच्या, सगळा सेंद्रिय भाग काढून उरलेला खनिज सांगाडा वापरतात. तो फार सावकाश झिजतो, कित्येक वर्षांनीही त्याचे कण नव्या हाडात सापडतात. पूर्णपणे कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे प्रकारही आहेत. मोठ्या कामात बरेच सर्जन रुग्णाचं हाड आणि गुरांचे खनिज दाणे मिसळतात: एकाची चालना, दुसऱ्याचा टिकाऊपणा. कोलॅजनचे बरेचसे पडदे डुकरांच्या ऊतींपासून बनतात. शरीरात काय घातलं जाणार आहे आणि ते कुठून आलं, हे शस्त्रक्रियेआधी विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि हे न विचारता सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

हाडात हाड घडवण्याची चालना देणारं काही असतं हे मार्शल उरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं. खनिज काढून टाकलेलं हाड त्यांनी स्नायूमध्ये ठेवलं आणि तिथे, जिथे हाडाचा संबंधच नाही, नवं हाड तयार झालं. पुढे ती प्रथिनं वेगळी काढता आली, आणि त्यांपैकी एकाचं प्रयोगशाळेत बनवलेलं रूप २००७ मध्ये अमेरिकेत जबड्यातल्या ठरावीक कामांसाठी मंजूर झालं. ते प्रभावी आहे, पण सूज बरीच आणतं आणि सगळीकडे वापरावं असं नाही. रुग्णाच्या रक्तातून बनवायचं पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट धरून ठेवणारी फायब्रिनची जाळी, २००१ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ शुक्रून यांनी पुढे आणलं. हिरडी लवकर भरून यायला ते मदत करतं. पण त्याची जाळी साधारण दोन आठवड्यांत विरून जाते, त्यामुळे पडलेली भिंत एकट्या पीआरएफने उभी राहील ही अपेक्षा ठेवू नये.

एक बारकावा इथेच सांगायला हवा. शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेल्या एक्स-रेवर ती जागा छान पांढरी दिसते. ते हाड नव्हे, ते दाणे आहेत. खनिज असल्यामुळे तेही पांढरेच दिसतात. नवं हाड किती आलं हे खरं तर इम्प्लांटसाठी छिद्र पाडताना, हाताला लागणाऱ्या घट्टपणावरून आणि येणाऱ्या रक्तावरून कळतं.

वरच्या दाढांच्या जागी प्रश्न थोडा निराळा असतो. तिथे वर सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची, पोकळी असते आणि दात गेल्यावर ती खाली पसरते, त्यामुळे इम्प्लांटसाठी उंचीच उरत नाही. पोकळीचं नाजूक अस्तर न फाडता वर उचलायचं आणि खालच्या जागेत ग्राफ्ट घालायचा, या शस्त्रक्रियेला सायनस लिफ्ट म्हणतात. हिल्ट टेटम यांनी ती १९७० च्या दशकात केली. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली. स्वीडनमध्ये स्टेफान लुंडग्रेन यांनी २००४ मध्ये दाखवलं की अस्तर उचलून इम्प्लांट बसवले आणि जागा नुसती रक्ताने भरू दिली, तरी इम्प्लांटभोवती हाड येतं. जागा आहे, रक्त आहे, हालचाल नाही: बाकी शरीर बघून घेतं. सायनसमध्ये हे शक्य होतं कारण तिथे हाडाच्या भिंती चहूकडे असतात. उलट खालच्या जबड्यात हाडाची उंची वाढवायची असेल तर आधार फक्त तळाचा असतो. ग्राफ्टचं हेच काम सर्वांत बेभरवशाचं.

हिरडी ही नंतरची सजावट नाही

हाडावर इतकं बोललं जातं की हिरडी मागे पडते, आणि इम्प्लांट काही वर्षांनी त्रास देऊ लागतो तेव्हा ती आठवते. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटच्या धातूत तंतू रुतत नाहीत. ते त्याला समांतर किंवा त्याच्याभोवती वळसा घालून जातात. तिथे रक्तवाहिन्याही कमी असतात. त्यामुळे जंतूंना रोखणारी सील दातापेक्षा कमजोर, आणि सूज हाडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

या कमजोर जागेत दोन गोष्टी मोलाच्या. पहिली, जाडी. इम्प्लांटभोवती हिरडीला आपली सील बसवायला साधारण तीन मिलिमीटर उंची लागते. तेवढी नसेल तर शरीर ती उंची हाड झिजवून मिळवतं. लिथुएनियाचे टोमास लिंकेव्हिचियुस यांनी २००९ मध्ये दाखवलं की दोन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हिरडी असलेल्यांत पहिल्याच वर्षी इम्प्लांटच्या कडेचं हाड जास्त झिजतं. म्हणजे मेहनतीने उभं केलेलं हाड पातळ हिरडीमुळे गमावता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे घट्ट, फिकट गुलाबी, न हलणारी हिरडी. तिची पट्टी सुमारे दोन मिलिमीटर तरी असावी, नाहीतर ब्रश लावताना दुखतं, माणूस ती जागा टाळतो आणि जंतूंचा थर साचतो. ग्राफ्टवर हिरडी ओढून मिटवताना ही घट्ट पट्टी बऱ्याचदा जागा सोडून सरकते, म्हणून ती नंतर परत मिळवावी लागते.

ती टाळूवरून आणतात. टाळूचीच का, याचं उत्तर कारिंग, लांग आणि लू यांच्या १९७५ मधल्या माकडांवरच्या प्रयोगात आहे. वरच्या थराने कोणतं रूप घ्यायचं हे खालची तंतुमय ऊती ठरवते, असं त्यात दिसलं. घट्ट हिरडीखालची ऊती दुसरीकडे नेऊन ठेवली तर तिच्यावर येणारी त्वचाही घट्टच येते. म्हणून टाळूच्या आतली ऊती तेवढी काढून हिरडीखाली सरकवली की जाडी मिळते, आणि वरच्या थरासकट तुकडा लावला की घट्ट पट्टी मिळते. टाळूची जखम दोन ते चार आठवड्यांत भरते. खरं सांगायचं तर अनेकांना इम्प्लांटपेक्षा तीच जास्त दुखते. पर्याय म्हणून कोलॅजनचे तयार तुकडे आहेत. ते दुसरी जखम वाचवतात, पण रुग्णाच्या स्वतःच्या ऊतीची बरोबरी अजून सगळीकडे करत नाहीत.

धूम्रपानाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी रक्ताचीच बाजू कोलमडते. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) आटोक्यात आणूनच पुढे जावं. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगात घेतलेली बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅबची औषधं, जबड्याला दिलेलं रेडिएशन, हे आधीच सांगा. ती औषधं स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

आणि प्रत्येकालाच ग्राफ्ट लागतो असंही नाही. सहा मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट, हाड असेल तिकडे तिरके बसवलेले इम्प्लांट, किंवा शेजारच्या दातांवर बसणारा ब्रिज, हे पर्याय अनेक ठिकाणी चांगले चालतात. कोणता का नाही, हे डॉक्टरांनी तुमच्या स्कॅनवर बोट ठेवून सांगावं.

शस्त्रक्रिया झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत नाजूक. त्या बाजूने चावू नये, ओठ ओढून टाके बघू नयेत, जोराने चूळ भरू नये. दोन-चार दाणे तोंडात आले तर घाबरण्याचं कारण नाही. पण हिरडीच्या फटीतून पडद्याची पांढरट कड दिसली तर तिला जीभ किंवा ब्रश लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. कोलॅजनचा पडदा असेल तर स्वच्छता आणि जंतुनाशक चूळ यांवर हिरडी बहुधा परत चढते. पीटीएफईचा असेल आणि पू दिसत असेल तर तो काढावाच लागतो, आणि खालचं किती वाचेल हे तो किती लवकर काढला यावर अवलंबून राहतं.